ऐनाच्या जागी साग

जंगलखात्यात सगळी नोकरी काढली असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न वाघाचा विचारतात. वाघ मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो पाठमोरा होता. माझ्या नोकरीत मला त्रास दिला तो झाडांनी, आणि त्याहून जास्त कागदांनी. या अंकासाठी संपादकांनी "जंगलातले रोमांचकारी अनुभव" मागितले होते. तसं माझ्याजवळ फारसं काही नाही. एक गोष्ट आहे, ती मी आजवर घरीही धड सांगितलेली नाही. ती इथं लिहितो.

मी मूळचा भोरचा. मॅट्रिक झालो, वडिलांना वाटत होतं मी कचेरीत कारकून व्हावं. मला बाहेर हिंडण्याची हौस, म्हणून जंगलखात्यात शिरलो. आधी गार्ड, मग फॉरेस्टर. माझा मुलूख भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरांचा. पावसाळ्यात चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि चैत्रात पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, असा. ज्या वाडीची ही गोष्ट आहे तिचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं गाव छापायचा हक्क मला नाही. वाडीच्या वर एक मोठा उतार होता, उतारावर मिसळीचं रान. एवढं पुरे.

मिसळीचं रान म्हणजे ज्यात एका जातीची मक्तेदारी नाही. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आवळा, शिरीष, मधून पांगारा, खाली कारवी. अशा रानात झाडं मोजणं म्हणजे लग्नघरात चपला मोजण्यासारखं. खात्याच्या वहीत अशा रानाला फारशी किंमत नव्हती. इमारती लाकूड थोडं, बाकी "संकीर्ण". हा शब्द मी पुढं किती वेळा लिहिला असेल, देव जाणे.

गेनूची आणि माझी ओळख त्याच उतारावर झाली, आणि ती मी त्याला पकडलं म्हणून झाली. भाताचं रोप टाकायच्या आधी इकडचे शेतकरी त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळे पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला की रोप जोमदार येतं. टहाळे सगळ्यात जास्त तोडतात ते ऐनाचे, आणि आमचं काम ते तोडू न देण्याचं. गेनू ऐनाच्या शेंड्यावर कोयता घेऊन बसला होता. मी खालून ओरडलो. तो घाबरला नाही, घाईही केली नाही. हातातली फांदी पुरी तोडली आणि मग उतरला.

"झाड बोडकं करतोस?" मी म्हणालो.

"बोडकं न्हाई केलं सायेब. शेंडा ठिवलाय. दोन सालांनी बघा, व्हतं तसं व्हईल."

मी कोयता जप्त केला. गेनू कमरेची चंची सोडून पान खायला बसला आणि मलाही एक दिलं. चुना वेगळा लागला, करडा आणि जरा खरखरीत. मी विचारलं तर म्हणाला, "ऐनाच्या सालीची राख. आमाला बाजारचा चुना कशाला लागतोय? समदा चुना ऐनात हाय."

मी हसलो. त्याचा कोयता चार दिवसांनी परत केला. त्यानंतर मी त्या बाजूला गेलो की गेनू भेटे. सहा फूट उंच, बोलायला तुसडा. पण रानातल्या कुठल्या खडकाखाली ओल आहे, कुठं माती हातभर आहे आणि कुठं वीतभर, हे त्याला आपल्या घरासारखं ठाऊक होतं.

त्याची बायको राही नेमकी उलट. बडबडी, हसरी, कामाला वाघीण. आमच्या रोपवाटिकेत ती कामाला यायची. वर्षभरात तिच्याशिवाय पान हलेना, तेव्हा मी तिला बायकांची मुकादम केली. वीस बायांवर तिचा हुकूम चाले. गार्ड लोकसुद्धा तिला विचारून सुट्टी घेत.

मग वरून हुकूम आला. वाडीवरचा उतार साफ करायचा आणि तिथं साग लावायचा. नुसता साग, एका रेषेत, एका वयाचा. हिशोब कागदावर अगदी सरळ होता. संकीर्ण झाडं काढा, किमती झाड लावा, चाळीस-पन्नास वर्षांनी तोडा. खरं सांगायचं तर हुकूम नुसता वरून आला असं म्हणणं लबाडीचं होईल. तो उतार सुचवला होता मीच. रस्त्याला जवळ, तपासणीला सोपा, आणि साहेबांच्या नजरेत भरेल असा.

गेनूला कळलं तसा तो माझ्या चौकीवर आला.

"समदं ऐन काढनार म्हनं?"

"सगळं. ऐन, किंजळ, सगळं."

"आन सागाला खायाला कोन घालनार?"

"जमीन घालील की," मी म्हणालो.

"जमिनीकडं सवताचं काय न्हाई सायेब. वरनं पडतंय तेवढंच तिच्याकडं. हज्जार जातीची पानं पडत्यात, ती कुजत्यात, मंग ती घालती. तुमी एकच पान पाडनार. साग लई खादाड. दोन सालं खाईल, तिसऱ्या साली उपाशी मरंल."

राही तिथंच रोपांच्या वाफ्याला पाणी घालत होती. ती उसळून म्हणाली, "तुमाला काय कळतंय हो? सायेब शिकल्यालं हाईत. आन लावनार म्या हाय. माज्या हातचं एक रोप मरायचं न्हाई."

गेनू तिच्याकडं एकदा बघून आल्या वाटेनं निघाला. नवरा-बायकोचं हे भांडण मला तेव्हा गमतीचं वाटलं.

उतार तोडायला एक हंगाम गेला. लाकूड खाली गेलं, उरलेल्या फांद्या आणि पाला आम्ही चैत्रात जागच्या जागी पेटवला. सगळा उतार राखेनं पांढरा झाला. मिरगानंतर लागवड. सागाची लागवड कशी करतात ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. रोपवाटिकेतलं वर्षाचं रोप उपटून त्याचं खोड आणि मूळ छाटायचं, गाजराएवढा खुंट राहील असं. मग पहारीनं भोक पाडून त्यात तो खुंट बसवायचा आणि टाचेनं माती दाबायची. दिसायला मेलेलं लाकूड, पण पंधरा दिवसांत कोंब येतो. राही दोरी धरून पुढं, तिच्या बाया मागं, पावसात डोक्यावर पानांची इरली. तिनं खरोखरच प्रत्येक खुंट हात लावून तपासला. सैल बसलेला दिसला की ज्या बाईनं लावला तिला परत बोलावून दाबायला लावी.

पहिलं वर्ष काय वर्णावं! सुपाएवढी पानं आली. एकही रोप मेलं नाही म्हटलं तर चालेल. साहेब आले, घोड्यावरून उतरून रांगांमधून चालत गेले, माझा हात हातात घेऊन हलवला. एक फोटो काढला. त्यात मी मध्ये आणि बाजूला राही, पदर सावरून, हसू दाबत. दुसऱ्या वर्षी झाडं डोक्याबरोबर आली. राही बाजाराला नसरापूरला गेली तरी लोकांना सांगायची, "माजं सागाचं रान बघाया या." 'माजं' म्हणायची, आणि मला त्याचा हेवा वाटे.

तिसऱ्या वर्षी झाडं थांबली.

थांबली म्हणजे मेली नाहीत. मेली असती तर बरं. पानं लहान झाली, पिवळी पडली, कडेनं करपली. शेंडे वाळले. पावसात रांगांमधून पाण्याच्या सऱ्या पडल्या आणि खालचा ओढा कधी नव्हे तो लालेलाल वाहिला. सागाचं मोठं पान पाऊस अडवत नाही, उलट त्याच्या टोकावरून पाण्याचा थेंब जाड होऊन पडतो आणि खालची उघडी माती उकरतो. खाली कारवी नाही, गवत नाही, पाचोळ्याचा थर नाही. आम्ही ते सगळं स्वच्छ केलं होतं. मी राहीला घेऊन अगदीच खुरटलेली उपटली आणि त्यांच्या जागी नवे खुंट लावले. तेही तसेच. राही रोज वर जायची. एकदा मी पाहिलं तर ती एका झाडाच्या बुडाशी ओंजळीनं शेणखत घालत होती. वाडीतून डोक्यावर पाटी वाहून आणली होती. "ह्येचं काय दुकतंय तेच कळंना, सायेब," म्हणाली.

त्या हिवाळ्यात माझ्या मेव्हण्याचे एक स्नेही पुण्याहून आले. मातीचं रसायन हा त्यांचा विषय. आम्ही त्यांना प्रोफेसर म्हणायचो. त्यांना राजगड चढायचा होता. पालीकडून गड करून ते माझ्याकडं मुक्कामाला आले आणि मी त्यांना सहज तो उतार दाखवला. तेव्हा राही रोपवाटिकेत होती, गेनू शेतावर. तिथं आम्ही दोघंच.

त्यांनी दोन खड्डे खणले. एक सागात, दुसरा शेजारच्या देवराईत. देवराई म्हणजे गावदेवाचं रान, तिथं कुणी काडी तोडत नाही. देवराईतल्या खड्ड्यात वरची वीतभर माती काळी, मऊ, कुजक्या पानांच्या वासाची, मुळांनी भरलेली. सागातल्या खड्ड्यात वरपासून तांबडी, घट्ट, आणि हाताला लागली ती खडी. त्यांनी दोन्ही माती पाण्यात कालवली आणि निळा कागद बुडवला. देवराईच्या पाण्यात तो जेमतेम बदलला. सागाच्या पाण्यात लाल झाला.

"आंबट झाली आहे तुमची माती," ते म्हणाले. "चुना गेलाय, नत्र गेलंय. सागाला चुना सगळ्यात जास्त लागतो. इथं आधी काय होतं?"

मी झाडांची नावं सांगितली. ऐन म्हटल्यावर मला गेनूचं पान आठवलं आणि मी ते सांगून टाकलं. प्रोफेसरांचे डोळे चमकले. देवराईत खाली पडलेली ऐनाची साल आम्ही गोळा केली, जाळली, आणि त्यांनी त्या राखेवर एका कुपीतून आम्लाचे थेंब टाकले. राख फसफसून वर आली.

"हा बघा चुना!" ते म्हणाले. "अहो, ऐनाची मुळं खोलवरून चुना ओढतात, पानात आणि सालीत साठवतात, आणि दरवर्षी जमिनीवर टाकतात. शिरीष, पांगारा यांच्या मुळांवर गाठी असतात, त्या नत्र धरतात. कुणाचं पान महिन्यात कुजतं, कुणाचं वर्षात, म्हणून जमिनीला बारा महिने काहीतरी मिळत राहतं. एकाचं मूळ वर, एकाचं खोल. तुम्ही सगळे वाढपी हाकलून दिलेत आणि एकटा जेवणारा बसवलात. पहिली दोन वर्षं तो राखेवर जगला. राख पावसानं नेली."

राखेचं मला नवल वाटायला नको होतं. गेनू राबात तेच तर करत होता, आणि मी त्याचा कोयता जप्त केला होता.

पुण्याला गेल्यावर प्रोफेसरांनी मला सविस्तर पत्र लिहिलं. सागाच्या रांगांमध्ये ऐनाचे खुंट फुटत असतील तर फुटू द्या, शिरीष लावा, पाचोळा जाळू नका, उतार एकट्या सागावर सोडू नका. पत्र माझ्या नावानं होतं, खासगी. खात्याला त्याचा पत्ता नव्हता.

आणि नेमकं त्याच महिन्यात साहेबांचं पत्र आलं. लागवड का फसली, त्याचा लेखी खुलासा करा.

मी तीन दिवस कागदापुढं बसलो. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं की जागा मी सुचवली, माती पाहिली नाही, वाडीतल्या एका अडाणी माणसानं इशारा दिला तो हसण्यावारी नेला. माझं नाव तेव्हा बढतीच्या यादीत होतं. चौथ्या दिवशी लिहिलं : वाडीची गुरं वारंवार लागवडीत शिरली व त्यांनी कोवळी रोपं तुडवली. गेनू नावाच्या इसमाचा लागवडीस प्रथमपासून विरोध होता व त्याच्याच गुरांचा उपद्रव अधिक आहे. गुरं सागाच्या पानाला तोंड लावत नाहीत, म्हणून 'खाल्ली' न लिहिता 'तुडवली' लिहिलं. खोटं लिहितानासुद्धा मी धंद्याला जागलो.

मला वाटलं होतं कागद फायलीत जाईल आणि विषय संपेल. कागद फायलीत गेला नाही. त्यावर हुकूम झाला. त्या डोंगरात वाडीची चराई आणि राबाचा टहाळ बंद, आणि गेनूच्या घरातल्या कुणाला खात्याच्या कामावर घ्यायचं नाही. हुकूम चावडीवर वाचून दाखवायचं काम माझ्याकडंच आलं.

मी वाचला. गेनू उभा राहिला.

"सायेब, माजी गुरं तिकडं गेली न्हाईत. तुमी सवताच्या डोळ्यानं बघितलंय का?"

"कागदात आहे ते आहे," मी म्हणालो.

"आवो पर बघितलंय का?"

मी कागदाची घडी घातली. राही बायकांत उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

चराई नाही, राब नाही, काम नाही. दोन वर्षांत गेनूनं बैल विकले आणि तो, राही आणि त्यांची लहान लेक डोंगर उतरून गेले. सारोळ्याच्या बाजूला नीरेकाठी कुणाच्या तरी मळ्यावर राबतात असं कानावर आलं. मला बढती मिळाली. मी दुसऱ्या भागात गेलो.

मग लढाईची वर्षं आली. लाकूड आणि कोळसा एवढा लागू लागला की कुणाला लहान सागाकडं बघायला फुरसत नव्हती. त्या उताराला कुणी हात लावला नाही, राखलाही नाही. लढाई संपल्यावर मला पुन्हा त्याच भागात पाठवलं आणि मी वर गेलो. निम्मा उतार अजून भकास होता, साग मनगटाएवढे, वाकडे. पण ओढ्याच्या अंगाला आम्ही तोडलेल्या ऐनाचे खुंट फुटून मोठी झाडं झाली होती. पाखरांनी जांभूळ आणलं होतं, शिरीष आला होता. आणि त्यांच्यात अडकलेले जे थोडे साग होते ते सरळ, उंच, मांडीएवढे जाड. एकाच दिवशी, एकाच दोरीवर, राहीच्या हातानं लागलेले. मी ऐनाजवळचा साग आणि उघड्यावरचा साग यांच्यामध्ये कितीतरी वेळ उभा होतो. मला आता प्रोफेसरांचं पत्र काढून बघायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात मी सर्व्हिस मोटारीनं सारोळ्याला उतरलो. विचारत विचारत मळा सापडला. राही झोपडीपुढं शेंगा निवडत बसली होती. केस पिकले होते. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग घाईनं उठून तिनं पोतं अंथरलं.

गेनूचं विचारलं तर म्हणाली, "त्येला जाऊन दोन सालं झाली."

मी ठरवून आलो होतो म्हणून सांगू शकलो, नाहीतर तिथूनच परतलो असतो. माती, चुना, पुण्याचं पत्र, माझा खुलासा, सगळं सांगितलं. "गेनूची गुरं लागवडीत गेली नव्हती, राहीबाई. मी एकदाही पाहिली नव्हती. मी खोटं लिहिलं. तुम्ही लावलेलं एकही झाड त्यानं मोडलं नाही."

ती शेंगा निवडत राहिली. मग हात थांबले.

"येकदा बी न्हाई?"

"एकदाही नाही."

"सायेब, म्या त्येला मरस्तवर बोल लावला," ती म्हणाली. "त्येच्या मनात नव्हतं रान व्हावं. म्हनून मला वाटलं, त्येनंच मुद्दाम ढोरं घातली. रोज ईचारायची, का हो घातली? माज्या हातची झाडं का हो तुडवली? त्यो म्हनायचा, न्हाई गं, आईच्यान न्हाई. म्या म्हनायची, कागदात खोटं कसं असंल? सायेब शिकल्यालं हाईत. शेवटाला तर त्यो न्हाई म्हनायचा बी थांबला."

क्षमा मागायचे शब्द मी मोटारीत जुळवले होते. ते काढायची ती जागा नव्हती. मी उठू लागलो तर ती म्हणाली, "आता जाऊ नगा. लेक येईल रानातनं. तिला तुमीच सांगा. ती बापाच्या बाजूनं बोलायची तर म्या तिला बी गप केलं. आता म्या सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई."

मी बसलो. ती परत शेंगांकडं वळली. ऊन कलल्यावर लेक आली, डोक्यावर गवताचा भारा. उंची बापाची. मी उभा राहून तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आईला सांगितलं तसंच, काहीही न गाळता. तिनं भारा खाली उतरवला नाही. मी थांबल्यावर ती माझ्याकडं न बघता आईला म्हणाली,

"बा म्हनतच हुता."

आणि भारा घेऊन गोठ्याकडं गेली.